अस्वलाचा उजवा गुडघा

सेक्रेटरींनी फोटो टेबलावर ठेवला, तेव्हा चष्मेवाल्यांनी अस्वलाला पहिल्या नजरेतच ओळखले. ते स्वतःच होते.

फोटो काळापांढरा होता, पहाटेच्या धुक्यातला. डाव्या बाजूने एक मोठी केसाळ पाठ आत शिरत होती. डोके खाली घातलेले होते, पुढचा एक काळा पंजा पडलेल्या पानांवर टेकला होता आणि मागचा भाग धुक्यात विरघळून गेला होता. केसाळ पाठ म्हणजे त्यांच्या बायकोचा तपकिरी लोकरीचा कोट होता. डोके म्हणजे त्या कोटाची टोपी आणि पंजा म्हणजे बागकामाचा हातमोजा.

"बोला!" सेक्रेटरी म्हणाले. "काय दिसतंय?"

हा प्रश्न चष्मेवाल्यांनी दुकानात आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

"नीट दिसत नाही," ते म्हणाले.

"कमाल करता! लोकांना चष्मे लावलेत आणि तुम्हाला समोरचं अस्वल दिसत नाही? अस्वल आहे ते, चष्मेवाले. तुमच्या परसात! बाईंच्या कॅमेऱ्यात!" सेक्रेटरींचा आवाज जरा ओला झाला. "बाई असत्या तर वेड्या झाल्या असत्या हो."

बाई म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, म्हणून सगळे गाव तिला बाईच म्हणायचे. ती गेली त्याला आता उन्हाळा आणि पावसाळा उलटून गेला होता. सेक्रेटरी कुंपणापलीकडे राहत. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या छायाचित्रण मंडळाचे सेक्रेटरी होते आणि दुसरे कुणी व्हायला तयार नसल्यामुळे तहहयात राहणार होते. मंडळाचे यंदाचे प्रदर्शन पानगळीवर होते. त्यात बाईंच्या आठवणीसाठी एक फोटो लावायचा, म्हणून परवा सकाळी चष्मेवाले कॅमेऱ्यातले कार्ड काढत असतानाच सेक्रेटरींनी ते कुंपणावरून हात घालून मागून घेतले. "मी बघून देतो, तुम्हाला कुठे ते जमतंय," असे म्हणाले. चष्मेवाले दर आठवड्याला त्या कार्डातले स्वतःचे फोटो पुसून टाकत असत. ह्या आठवड्यात पुसायला वेळ मिळाला नाही.

"ते अस्वलच आहे कशावरून?" चष्मेवाल्यांनी चाचपून पाहिले.

"मग काय मी आहे?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तेव्हाच खरे सांगून टाकले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण खरे सांगायचे म्हणजे बरेच सांगावे लागले असते.

घरामागे परस होते, परसाच्या टोकाला जुने झाड आणि झाडापलीकडे ओढा आणि रान. झाडाच्या खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बायकोने एक डबीसारखा कॅमेरा पट्ट्याने बांधला होता. समोरून एखादे उबदार अंगाचे जनावर गेले की तो आपोआप फोटो काढायचा. समोर पाण्याचे पसरट भांडे ठेवलेले असे. खारी यायच्या, ससे यायचे, साळिंदर येऊन गेले होते. तिला हवा होता तो कोल्हा. ओढ्याच्या चिखलात त्याचे ठसे सापडायचे, कधी पानांत विष्ठा सापडायची आणि ती जपून ठेवण्यावरून घरात भांडण व्हायचे. पण कोल्हा काही कॅमेऱ्यासमोर आला नाही.

असा कॅमेरा बांधला, सरकवला किंवा त्यातले सेल बदलले, की तो नीट बघतो आहे ना हे तपासावे लागते. त्याची रीत ठरलेली आहे. एकाने जनावराच्या उंचीचे होऊन समोरून चार पायांवर जायचे आणि दुसऱ्याने मागे उभे राहून, कॅमेऱ्याच्या उघड्या झाकणाआड एक लाल दिवा असतो तो लागतो का, हे पाहायचे. बायको झाकणापाशी उभी राहायची. "चला," ती म्हणायची, "व्हा कोल्हा."

मग चष्मेवाले कोल्हा व्हायचे. भांड्याच्या डावीकडच्या दगडापासून उजवीकडच्या झुडपापर्यंत रांगत जायचे.

"लागला का गं?"

"नाही लागला. परत या. जरा खाली वाका ना, कोल्हा एवढा पोटाने मोठा असतो का?"

ते परत जायचे. "आता?"

"छे. हळू. शेपूट आहे असं समजा."

खोडाआड ती दिसायची नाही, फक्त आवाज यायचा आणि मधूनमधून खोकला. धुक्याने तिला खोकला येतो म्हणून चष्मेवाल्यांनी औषधाची बाटली आणून ठेवली होती. तिने ती कधी उघडली नाही. दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय तो दिवा म्हणून लागायचा नाही. यंत्र भिकार आहे, परत करून टाक, असे ते दर वेळी म्हणायचे.

सुटीत फिरायला गेले तरी हे चुकत नसे. डोंगर तांबडे-पिवळे झाले की ती त्यांना घेऊन निघायची. दिवसभर पानांचे, धुक्याचे, पाण्यात पडलेल्या झाडांचे फोटो काढायची आणि मुक्कामाच्या जागी पोचल्यावर मागच्या अंगणात ही डबी बांधायची. एकदा तळ्याकाठच्या एका विश्रामगृहात ते असे रांगत असताना न्याहारीला बसलेले सगळे पाहुणे खिडकीशी येऊन उभे राहिले. व्यवस्थापक धावत आला. "साहेब, काही हरवलंय का?" "चष्मा," असे चष्मेवाले सांगून मोकळे झाले. चष्मा नाकावर होता. व्यवस्थापक भला माणूस होता. तोही थोडा वेळ त्यांच्याबरोबर शोधत राहिला.

इस्पितळात शेवटी शेवटी तिने मोठ्या गोष्टी काही सांगितल्या नाहीत. "पानगळीत ओढा आटतो," एवढेच म्हणाली. "भांडं भरत जा. आणि कॅमेरा बंद पडू देऊ नका. यंदा येईल तो."

म्हणून चष्मेवाले रोज पहाटे भांडे भरत, संपत आले की सेल बदलत आणि सेल बदलले की दगडापासून झुडपापर्यंत रांगत जात. झाकणापाशी आता कुणी नव्हते, म्हणून कॅमेरा सरळ चालूच ठेवावा लागे आणि आपला फोटो निघाला की नाही हे नंतर कार्डात पाहावे लागे. फेऱ्या मात्र ते पूर्वीइतक्याच घालत. एका फेरीत झाले असे त्यांना कधी वाटलेच नाही.

हे सगळे सेक्रेटरींना कसे सांगायचे?

सेक्रेटरींनी तो फोटो संध्याकाळपर्यंत मंडळातल्या सर्वांना पाठवला होता. दुसऱ्या दिवशी शाळेने मुलांना ओढ्याकडच्या वाटेने येऊ नका असे कळवले. सेक्रेटरींच्या बायकोने कचऱ्याचे डबे घरात, थेट न्हाणीत नेऊन ठेवले. आणि सेक्रेटरींनी शेजारधर्म म्हणून चष्मेवाल्यांच्या लेकीला फोन केला.

लेक दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर होती. ती त्याच दुपारी येऊन थडकली. तिच्या हातात भली मोठी बॅग होती आणि ती बॅग रिकामी होती. चष्मेवाल्यांनी ती उचलून पाहिली आणि काय ते समजले.

"बाबा, मी मागेच म्हटलं होतं. आता तर अस्वल यायला लागलं!"

"ते काही करत नाही."

"काही करत नाही? तुम्हाला काय माहीत?"

"म्हणजे, तसं दिसत नाही. फोटोत."

लेकीने त्यांच्याकडे निरखून पाहिले. तोंड उघडलेल्या माणसाकडे ती असे पाहत असावी. "बाबा, तुम्ही बरे आहात ना? सेक्रेटरीकाका सांगत होते, तुम्ही पहाटे परसात कुणाशी तरी बोलता म्हणून."

चष्मेवाले सावध झाले. अस्वल आहे म्हणावे, तर अस्वलाच्या शेजारी म्हाताऱ्या बापाला एकटे कोण ठेवील? अस्वल नाही, मीच आहे म्हणावे, तर आईचा कोट घालून पहाटे पानांत रांगणाऱ्या आणि रांगताना 'लागला का गं' असे विचारणाऱ्या बापाला एकटे कोण ठेवील? दोन्ही वाटा त्या बॅगेत जात होत्या. आणि लेकीचे घर सातव्या मजल्यावर होते. तिथे कोल्हा कुठून येणार?

"मी पक्ष्यांशी बोलतो," ते म्हणाले. हे त्यांना त्यातल्या त्यात शहाणपणाचे वाटले.

तिसऱ्या दिवशी वनखात्याची अधिकारी आली. तरुण होती, बोलायला मोकळी आणि कामात चोख. तिने फोटो पाहिला, कॅमेऱ्यापासून भांड्यापर्यंत फीत टाकली, मग पानांत उकिडवी बसून जमीन पाहू लागली. सेक्रेटरी कॅमेऱ्याला आपले तोफेसारखे लांब भिंग लावून कुंपणाला चिकटले होते.

"गंमत आहे," अधिकारी म्हणाली. "पंज्याचा ठसा कुठेच नाही. नुसते गोल खळगे आहेत. हे बघा, हे मागचे पाय. हे जनावर गुडघ्यांवर चालल्यासारखं चालतंय."

"पानांमुळे असेल," चष्मेवाले म्हणाले.

"आणि उजव्या बाजूचा खळगा उथळ आहे, प्रत्येक ठिकाणी. उजवा गुडघा टेकवायला त्रास होतोय त्याला."

चष्मेवाल्यांचा हात नकळत उजव्या गुडघ्याकडे गेला. तो त्यांनी खिशात घातला.

"म्हातारं दिसतंय," ती पुढे म्हणाली. "आणि एकटं आहे. जोडीदार असता तर दुसरे खळगे दिसले असते. सारखं त्याच त्या रेषेवरून येतंय-जातंय, का कुणास ठाऊक. खाण्याचं म्हणाल तर काही खाल्लेलं दिसत नाही."

"म्हणजे उपाशी आहे?" लेकीने विचारले.

"उपाशी किंवा गोंधळलेलं. असं होतं कधीकधी. सवय झालेली असते, बाकी काही सुचत नाही, मग तिथेच घुटमळत राहतात."

एक पान फिरत फिरत खाली आले आणि भांड्यात पडले.

"अशांचं काय करता तुम्ही?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"पकडतो आणि दुसरीकडे नेऊन सोडतो, काका. जिथे देखरेख ठेवता येईल अशा ठिकाणी."

"हेच मी म्हणतेय!" लेक म्हणाली. ती अस्वलाविषयी बोलत नव्हती.

"रमतात का तिथे?"

अधिकारी हातांची माती झटकत उठली. तिने खरे तेच सांगितले. "सगळी नाही रमत. पुष्कळदा परत यायला बघतात. काही वाटेतच जातात."

संध्याकाळी पिंजरा आला. चार माणसांनी तो वाहून आणून नेमका दगड आणि झुडूप ह्यांच्या मध्ये, अस्वलाच्या वाटेवर ठेवला. बुटका, लोखंडी, एका टोकाला वरून पडणारे दार. आतल्या टोकाला सफरचंदे आणि मधाची वाटी ठेवली आणि ओळखीची खूण म्हणून पाण्याचे भांडेही आत नेऊन ठेवले.

"ते भांडं बाहेर राहू दे," चष्मेवाले म्हणाले.

"त्यासाठीच तर ते येतं, काका."

त्यासाठीच येतं, हे चष्मेवाल्यांना नाकारता आले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली तेव्हा चष्मेवाले अंथरुणात जागेच होते. लेक बैठकीच्या खोलीत झोपली होती आणि बॅग दाराजवळ उभी होती, आता भरलेली. दुपारची गाडी होती. भांडे काल भरलेले नव्हते आणि कॅमेऱ्यातले सेल संपत आल्याची खूण परवाच दिसली होती. जाण्यापूर्वी निदान तेवढे करून ठेवू, पुढे काही दिवस तरी चालेल, असा विचार करून त्यांनी कोट अंगावर चढवला, टोपी ओढली, हातमोजे घातले, नवे सेल खिशात टाकले आणि पाण्याची झारी घेऊन ते मागच्या दाराने निघाले.

आधी त्यांनी कॅमेऱ्याचे झाकण उघडून जुने सेल काढले. नवे घालणार, तेवढ्यात भांडे दिसले. कोरडे ठणठणीत, तळाशी एक चिकटलेले पान. आधी पाणी, असे त्यांनी ठरवले. झारी पिंजऱ्याच्या गजांतून आत जाईना. भांडे बाहेर आणावे लागणार होते. पिंजरा इतका बुटका होता, की आत जायचे तर एकाच रीतीने जाता येत होते आणि ती रीत त्यांना चांगली येत होती.

दार पडल्याचा आवाज फारसा मोठा झाला नाही. अस्वल बिथरू नये म्हणून वनखात्याने चौकटीला रबर लावले होते.

चष्मेवाल्यांनी दार हलवून पाहिले. वर उचलून पाहिले. मग अस्वलाच्या ताकदीचा विचार करून बनवलेल्या वस्तूशी चष्म्याच्या दुकानदाराने झटापट करण्यात अर्थ नाही हे पटून ते भांड्याशेजारी बसले. ओरडावे असे एकदा मनात आले. पण ओरडले की लेक येणार, बॅग येणार. होईल तितका उशीर बरा. झटापटीत एक सफरचंद गजांतून निसटून बाहेर पानांत जाऊन पडले होते. ते त्याच्याकडे बघत राहिले. गेल्या कित्येक महिन्यांत ते इतके निश्चल बसले नव्हते.

ओढ्याच्या बाजूने तो आला तेव्हा आधी पानेही वाजली नाहीत. झुडपाच्या खालून एक टोकदार तोंड पुढे झाले, मग कान, मग पिवळसर तांबूस अंग, पडलेल्या पानांच्याच रंगाचे. तो थांबला. त्याने पिंजऱ्याकडे आणि पिंजऱ्यातल्या केसाळ प्राण्याकडे नीट पाहिले. आत कोंडलेल्यापासून धोका नाही हे त्याला कळले असावे. तो पुढे आला, सफरचंद हुंगले, पुन्हा एकदा वर पाहिले. हात लांब केला असता तर चष्मेवाल्यांना त्याला शिवता आले असते. त्याच्या शेपटीचे टोक पांढरे होते.

"अगं, बघ," चष्मेवाले ओठांतल्या ओठांत म्हणाले.

झाडावरचा कॅमेरा झाकण उघडे टाकून थेट इकडेच बघत होता आणि त्याचे सेल चष्मेवाल्यांच्या खिशात होते.

अस्वलासाठी ठेवलेले सफरचंद कोल्ह्याने तोंडात धरले आणि आला तसा निघून गेला.

ते किती वेळ तसे बसले होते त्यांना कळले नाही. उजाडले तेव्हा सेक्रेटरी गच्चीवर आले, त्यांनी तोफ डोळ्याला लावली आणि एक किंकाळी फोडली. "पकडलं! पकडलं हो! बसलंय आत!" मग अस्वल घाबरून शांत बसावे म्हणून की काय, ते पातेल्यावर झाकण बडवू लागले.

लेक दचकून उठली. बाबा आवाज ऐकून बाहेर जातील म्हणून आधी ती त्यांच्या खोलीत धावली. अंथरूण रिकामे होते. मागचे दार उघडे होते.

पुढचे सेक्रेटरींनी गच्चीवरून पाहिले आणि ते नंतर कित्येक दिवस सांगत राहिले. चष्मेवाल्यांची लेक अनवाणी, मोकळ्या केसांनी, हातात झाडणी घेऊन अस्वलाच्या पिंजऱ्याकडे धावत गेली. "बाबा! बाबा!" असे ती ओरडत होती. पिंजऱ्यातले अस्वल उठून बसले आणि त्याने डोक्यावरची टोपी मागे सारली.

"थंडीत अशी काय बाहेर आलीस?" अस्वल म्हणाले. "पायात तरी घाल काहीतरी."

लेकीच्या हातातली झाडणी खाली पडली. ती पिंजऱ्याचे गज धरून तशीच पानांत बसली. पातेले अजून वाजत होते.

"किल्ली बाईंच्या माणसांकडे आहे," चष्मेवाले म्हणाले. मग चूक सुधारून म्हणाले, "वनखात्याच्या. त्यांना फोन कर. घाई नाही."

"फोटोतलं अस्वल..."

"मीच."

"आईचा कोट का घातलात?"

"माझा तिने देऊन टाकला कुणाला तरी. म्हणाली, तुम्हाला कुठे बाहेर बसायचंय."

लेक हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा विस्कटला. चष्मेवाल्यांनी गजांतून हातमोजा पुढे केला. तिने तो पंजा दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी सगळे सांगितले. भांडे, सेल, दिवा, दगडापासून झुडपापर्यंतच्या फेऱ्या. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतके दिवस घाबरलो ह्याचे त्यांना नवल वाटले.

"मग मला सांगितलं का नाही, बाबा?"

"अस्वल आहे म्हटलं असतं तर तू मला नेणार. मीच आहे म्हटलं असतं तर त्याच्या आधी नेणार." ते थोडे थांबले. "कोल्हा आला होता मघाशी. इथे, तू बसलीयस तिथे."

"फोटो आला?"

त्यांनी खिशातून सेल काढून दाखवले. आईला दाखवायला काही नाही, एवढेच दोघांच्याही मनात आले.

अधिकारी आली. तिने कुलूप काढून दार वर ओढले, चष्मेवाल्यांना हात देऊन बाहेर काढले आणि काही न बोलता आधी त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिले. तो चांगलाच सुजला होता.

"तरी म्हटलं," ती म्हणाली, "पंजे कसे नाहीत."

"माफ करा. तुमची फार धावपळ झाली."

"धावपळीचं काही नाही, काका. पण मला वर कळवावं लागेल. जनावर सापडलं, म्हातारं आहे, कुणाला उपद्रव नाही." तिने लेकीकडे पाहिले. "हलवायचं का दुसरीकडे?"

लेक घराकडे बघत होती. उघड्या दारातून बॅग दिसत होती. "नको," ती म्हणाली. "जागेवरच राहू दे. देखरेखीला मी येत जाईन. दर पंधरवड्याला."

"येत जा," चष्मेवाले म्हणाले. "पण ती बॅग आणू नकोस."

तेवढ्यात सेक्रेटरी पातेले हातात तसेच घेऊन कुंपणाशी पोचले होते. त्यांचा चेहरा पडला होता. "चष्मेवाले, प्रदर्शनाच्या आमंत्रणावर छापलाय तो फोटो! 'बाईंचं अस्वल' म्हणून! आता मी काय सांगू लोकांना?"

चष्मेवाल्यांनी विचार केला. "नाव राहू दे," ते म्हणाले. "चुकीचं नाही."

पिंजरा गेला, माणसे गेली. ऊन अजून झाडाच्या शेंड्यावरच होते. चष्मेवाल्यांनी भांडे पूर्वीच्या जागी ठेवून भरले, कॅमेऱ्यात नवे सेल घातले आणि दगडाकडे निघाले. दोन पावलांतच त्यांना खोडाचा आधार घ्यावा लागला.

"कुठे निघालात?"

"तपासायला हवं. तिरका झालाय का ते कळत नाही त्याशिवाय."

"ह्या गुडघ्याने?" लेकीने त्यांच्या अंगावरचा कोट उतरवला आणि स्वतः घातला. "कुठून जायचं?"

"त्या दगडापासून झुडपापर्यंत. चार पायांवर."

"आणि तुम्ही?"

"मी इथे. दिवा बघतो."

ते खोडामागे जाऊन झाकणापाशी उभे राहिले. इतक्या वर्षांत दिवा बघायला ते ह्या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. इथून परस निराळेच दिसत होते. सगळी पिवळी जमीन एका चौकटीत बसल्यासारखी, मध्ये भांड्यातले आभाळ. लेकीने टोपी ओढली आणि ती दगडाआडून पानांत उतरली. दातांची डॉक्टर, कमरेत आखडलेली, तोल सांभाळत, एक हात पुढे, मग एक गुडघा.

तिचा पहिला हात पुढे पडला आणि दिवा लागला.

चष्मेवाल्यांनी झाकणात वाकून पाहिले. लाल, स्वच्छ, ठिपक्याएवढा दिवा. ती थांबली की विझत होता, तिने बोट हलवले की लागत होता. दगडापासून झुडपापर्यंत, एकही पाऊल न चुकता. हे यंत्र भिकार नव्हते. ते कधीच भिकार नव्हते. परसात नव्हते, तळ्याकाठी नव्हते, तांबड्या डोंगरांखालच्या त्या सगळ्या अंगणांत नव्हते. खाली वाका. शेपूट आहे असं समजा. आणि खोडाआडून येणारा तो खोकला, ज्याच्यासाठी त्यांनी औषध आणले होते. तोही कधीच खोकला नव्हता.

त्यांनी खोडाला कपाळ टेकले. साल गार होती.

"बाबा," झुडपापाशी पोचलेल्या अस्वलाने धापा टाकत विचारले, "लागला का?"

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. तो आवाज लांबून खोकल्यासारखा वाटला असता.

"नाही लागला," ते म्हणाले. "परत ये. जरा खाली वाक."